महावीराचार्यांची अंकमाला



सोलापूर म्हटले की चादर आठवते. परंतु अकराशे वर्षांपूर्वीचा एक संस्कृत गणितग्रंथ हिंदी अनुवादासह याच शहरातून प्रसिद्ध झाला, ही गोष्ट फार थोड्यांना ज्ञात असते. महावीराचार्यविरचित ‘गणितसारसंग्रह’ हा तो ग्रंथ. येथील जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत तो १९६३ साली प्रकाशित केला. अनुवाद प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांचा. त्यापूर्वी १९१२ मध्ये एम. रंगाचार्य यांनी मद्रास येथून मूळ पाठ इंग्रजी भाषांतरासह छापला होता.

आचार्य नवव्या शतकात राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष यांच्या काळी होऊन गेले. त्या राज्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील आजचे मळखेड. ग्रंथात व्याज, मिश्रण, क्षेत्रफळ असे व्यवहारोपयोगी विषय विपुल आहेत. व्यापाऱ्याला तेच आधी दिसावेत हे स्वाभाविक. तथापि गुणाकाराच्या प्रकरणातील काही उदाहरणांत निराळाच आनंद आहे. त्यांची उत्तरे गळ्यातील हारासारखी दोन्ही बाजूंनी सारखी दिसतात.

त्यांपैकी एक पाहू. २७९९४६८१ या संख्येला ४४१ ने गुणावयाचे. दोन्ही संख्या दिसावयास ओबडधोबड. परंतु गुणाकार १२३४५६५४३२१ असा येतो. एकापासून सहापर्यंत चढत जाऊन पुन्हा क्रमाने उतरणारी संख्या, असेच तिचे वर्णन आचार्य करतात.

हे घडते कसे? सहा एके ओळीने मांडले की ११११११ ही संख्या होते. वरील उत्तर म्हणजे तिचा वर्ग. पाटीवर गुणाकार मांडला तर एकांच्या सहा ओळी प्रत्येकी एकेक घर डावीकडे सरकतात. उभ्या बेरजा एक, दोन, तीन अशा सहापर्यंत चढतात आणि उतरतात. हातचा कोठेच येत नाही. नऊ एकांपर्यंत ही माळ अखंड राहते. दहा एकांचा वर्ग केला की मध्ये हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ अशी माळ तुटते.

आता अवयव पाहू. ११११११ म्हणजे ३, ७, ११, १३ आणि ३७ यांचा गुणाकार. म्हणून आपल्या संख्येत यांतील प्रत्येक मूळसंख्या दोनदा येते, आणि तिला नि:शेष भाग देणाऱ्या संख्या एकूण २४३ भरतात. दोन संख्यांच्या गुणाकाराच्या रूपाने ती १२२ प्रकारे मांडता येते. त्यांतून आचार्यांनी निवडलेली जोडीही वर्गांचीच आहे: ४४१ हा २१ चा वर्ग, तर २७९९४६८१ हा ५२९१ चा. ही संख्या मूळसंख्या असती तर असे एकही उदाहरण रचता आले नसते.

आपल्या सभांतून पूर्वजांना सर्वच ज्ञात होते, असे सांगण्याचा प्रघात पडला आहे. तो आचार्यांवर अन्याय करणारा आहे. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्या काळी ही दृष्टी असामान्यच. परंतु शून्याने भागले असता संख्या तशीच राहते, असेही त्यांनी लिहिले, आणि ते ग्राह्य नाही. दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. रोजमेळात जमेची बाजू तेवढी वाचून दाखविणाऱ्या मुनीमावर कोणता शेठ विश्वास ठेवील?

अंकमालेला मात्र कोणाच्या साक्षीची आवश्यकता नाही. कागद-पेन्सिल घेऊन कोणीही ताळा पाहावा. येथे जमलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्याच जातीचे आणखी एक उदाहरण: १५२२०७ ला ७३ ने गुणावे. उत्तर येथे मुद्दाम सांगितलेले नाही.