घंटेतले तांबे आले कोठून?

(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



देवळाला दगड कोणी दिला, घंटा कोणी दिली, कळसाचे सोने कोणी दिले, याची नोंद ठेवण्याची आपली रीत आहे. पण दगड, तांबे, सोने मुळात आले कोठून? या प्रश्नाशी कोल्हापूरचे नाते आहे.

डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. बनारसला शिकून ते केंब्रिजला गेले व १९६० साली फ्रेड हॉईल यांचे शिष्य झाले. मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात कशी घडतात, हे हॉईल यांनी बर्बिज पतिपत्नी व फाउलर यांच्यासह १९५७ साली सविस्तर मांडले होते.

आज शास्त्रज्ञ सांगतात ते असे. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी, विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन व हेलियम तयार झाले; लिथियम नावापुरते. विश्व झपाट्याने निवाले. गुऱ्हाळात काहील लवकर उतरवली तर रस पातळच राहतो, तसेच झाले.

पुढे वायूचे ढग आकसून पहिले तारे पेटले. तेथे आच टिकली. तीन हेलियम मिळून कार्बन झाला. मग ऑक्सिजन, सिलिकॉन, असे करीत मोठ्या ताऱ्यांत लोखंडापर्यंत मजल गेली. लोखंड जुळवून उष्णता मिळत नाही. म्हणून ताऱ्याचा गाभा ढासळतो, तारा फुटतो आणि सारा ठेवा आकाशात उधळला जातो. तांबेही अशाच मोठ्या ताऱ्यांची देणगी. सोन्यासारखे जड धातू दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतही घडतात. अशी टक्कर १७ ऑगस्ट २०१७ रोजी दुर्बिणींनी टिपली.

गुरुशिष्यांना विश्वाचा महास्फोटाने झालेला आरंभ मान्य नव्हता. बहुतेक शास्त्रज्ञांनी तो पुराव्यानिशी स्वीकारला. तरी नारळीकरांनी २० मे २०२५ रोजी पुण्यात देह ठेवीपर्यंत आपले मत निर्भीडपणे मांडले. ताऱ्यांच्या भट्टीविषयी मात्र दोन्ही पक्षांचे एकमत आहे.

सज्जनहो, गाभाऱ्याच्या कडीतले लोखंड आणि पायरीवर उभ्या माणसाच्या रक्तातले लोह एकाच कुळीचे. ते कुळ ताऱ्यांचे. मग देवाच्या दारी उच्च कोण आणि नीच कोण? जीर्णोद्धार झालेल्या देवळात पाऊल टाकताना प्रत्येकाने एवढे ध्यानी ठेवावे.