प्रतिध्वनी वेळ सांगतो, खोली नव्हे



आपल्या मंडळींची अनेक मुले आज संगणकाच्या क्षेत्रात आहेत. ‘आता संगणक समुद्रतळाखालचे खडकही पाहतो’, असे त्यांच्या तोंडून आपण ऐकतो. मी परिचारिका, भूगर्भशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु सोनोग्राफीच्या यंत्राशेजारी माझी बरीच वर्षे गेली, आणि या दोन्ही विद्यांचे मूळ एकच आहे : प्रतिध्वनी.

सर्वेक्षणाचे जहाज दाबलेली हवा पाण्यात एकाएकी सोडून मोठा नाद निर्माण करते. खडकाची घनता अथवा त्यातील नादाचा वेग जेथे बदलतो, तेथून प्रतिध्वनी परततो. जहाजामागे ओढलेल्या लांबच लांब केबलींतील श्रवणयंत्रे तो टिपतात. असंख्य नोंदी जुळवून संगणक थरांचे चित्र उभे करतो. अभ्यासक एखाद्या थराची रेषा काही ठिकाणी आखून देतो आणि संगणक ती पुढे शोधत नेतो. मात्र खडक जेथे तुटून सरकलेला असतो, तेथे तो शेजारच्याच थराला आपला समजून बसू शकतो.

याहून मोठी मेख वेगळीच आहे. यंत्र मोजते ती वेळ. खोली आपण वेगावरून काढतो. सोनोग्राफीत शरीरातील नादाचा वेग सेकंदाला १,५४० मीटर गृहीत धरतात, आणि मऊ अवयवांत तो बहुधा जुळतो. भूगर्भात अशी सोय नाही. सुमारे ६० ते ५३ लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्र आटला, तेव्हाचा मिठाचा जाड थर आपल्या किनाऱ्यापुढे खोल समुद्रतळाखाली आहे. मिठातून नाद सेकंदाला चार किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. हा हिशेब चुकला, तर खालचे सपाट थर उंचावलेले दिसतात. नसलेली टेकडी पडद्यावर उभी राहते.

त्याच मिठाखालचे थर नीट वाचले गेले, म्हणून २००९ साली तामार आणि २०१० साली लिव्याथान हे वायुसाठे सापडले. आज आपल्या घरांतील बरीचशी वीज अशा वायूवर चालते. पण २०१२ साली मायरा व सारा या विहिरी खोदल्या, तेव्हा चित्राने दिलेली आशा फोल ठरली. अशा उपक्रमांत सामान्य माणसांची बचतही गुंतलेली असते. शिवाय खडकात वायू अगदी थोडा असला, तरी प्रतिध्वनी ठळक उमटू शकतो. ठळकपणावरून साठा ठरत नाही.

म्हणून या कामात असलेल्या मुलांना आणि अशा उपक्रमांत पैसा घालणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. तीन प्रश्न अवश्य विचारा. वेग कशावरून धरला? संगणकाने आखलेली रेषा जाणत्या माणसाने तपासली काय? जवळच्या विहिरीतून निघालेल्या खडकाशी ती ताडून पाहिली काय? यंत्राचा आकडा नोंदवण्यापूर्वी रुग्णाकडे पाहावे, हा आम्हा परिचारिकांचा पहिला धडा. पृथ्वीच्या बाबतीतही तो तितकाच खरा आहे.