डॉक्टरसाहेबांचे शब्द आणि आमची लेखणी

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि इतिहासावर विद्वानांची व्याख्याने आपण ऐकलेली आहेत. त्या मानाने आमचा विषय अगदीच कारकुनी आहे. चिटणीसांनी ‘तुमच्या कामाविषयीच बोला’ असा आग्रह धरला तेव्हा आम्ही जरा संकोचलो. मग विचार केला की, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी कपाटात एक प्लॅस्टिकची पिशवी असतेच आणि तीत क्ष-किरणांच्या फिल्मा, सोनोग्राफीचे अहवाल व रुग्णालयातून घरी सोडतानाचे कागद जपून ठेवलेले असतात. त्या कागदांवरील मजकूर डॉक्टरसाहेबांचा असला तरी तो लिहिणारा हात पुष्कळदा दुसऱ्याच कोणाचा तरी असतो. दिल्लीतील एका केंद्रीय रुग्णालयाच्या कार्यालयात आमच्या नोकरीचा पूर्वार्ध गेला, तो असा हात म्हणून. पुढे बढत्या मिळाल्या, खाते बदलले, आता सही करण्याचे काम अधिक. पण कान अजून तेच आहेत.

आम्ही बी. ए., तेही इतिहास हा विषय घेऊन. लघुलेखनाची परीक्षा उत्तीर्ण होऊन १९९१ साली आम्ही रुजू झालो, तेव्हा यकृत डाव्या बाजूस की उजव्या, हेही आम्हांस छातीठोकपणे सांगता आले नसते. पहिल्याच आठवड्यात क्ष-किरण विभागाचे अहवाल घेण्यास बसविले गेले. डॉक्टरसाहेब फिल्म उजेडासमोर धरून, आमच्याकडे पाठ करून, भिंतीशी बोलल्यासारखे बोलत. वर छताचा पंखा, बाहेर रुग्णांचा गलका, आणि साहेबांच्या तोंडात पान. अशा स्थितीत ग्रीक आणि लॅटिन शब्दांचा ओघ सुरू झाला म्हणजे नवशिक्याची काय अवस्था होत असेल, याची आपण कल्पना करावी.

येथे आमच्या लिपीविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. आयझॅक पिटमन यांनी १८३७ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केलेली लघुलिपी उच्चारावर चालते, स्पेलिंगवर नव्हे. ‘प’ आणि ‘ब’ यांची रेघ एकच. पहिली फिकी, दुसरी ठसठशीत. ‘ट’ आणि ‘ड’ यांचेही तसेच. वेग वाढला की स्वर गाळावयाचे आणि पुढे वाचताना ते संदर्भाने भरून काढावयाचे. आपल्या मोडीतही ऱ्हस्व आणि दीर्घ इकार वेगळा दाखवीत नसत. वाचणारा अनुभवाने समजून घेई. जमाखर्चाच्या वहीत हे सहज खपून जाते. वैद्यकात मात्र एका स्वराच्या अंतरावर शरीराचा अवयवच बदलतो.

उदाहरणे द्यावयाची तर रात्र पुरणार नाही. ‘इलियम’ हा शब्द घ्या. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचे नाव इलियम, आणि कमरेच्या मोठ्या हाडाचे नावही इलियमच. इंग्रजीत लिहिताना मध्ये ई की आय एवढाच फरक. कानाला तोही नाही आणि लघुलिपीला तर मुळीच नाही. ‘पेरोनियल’ म्हणजे पायाच्या नडगीच्या बाहेरच्या अंगाचा, आणि ‘पेरिनियल’ म्हणजे गुदद्वाराजवळच्या भागाचा. ‘अ‍ॅबडक्शन’ म्हणजे अवयव शरीराच्या मध्यरेषेपासून दूर नेणे, ‘अ‍ॅडक्शन’ म्हणजे तो जवळ आणणे. यास्तव जाणते अस्थिरोगतज्ज्ञ ‘ए-बी-डक्शन’, ‘ए-डी-डक्शन’ अशी अक्षरेच उच्चारतात. त्यांना आम्ही मनातल्या मनात दुवा देत असू. रक्तदाबाच्या बाबतीत ‘हायपर’ आणि ‘हायपो’ यांत एका ‘र’चे अंतर, पण एकात दाब वाढलेला, दुसऱ्यात घसरलेला. आणि ‘एफेब्राइल’ या शब्दाने तर कित्येकांना चकविले. रुग्णाला ताप नाही असा त्याचा अर्थ. आपल्या ‘अज्ञान’, ‘अशक्त’ या शब्दांतील नकारार्थी ‘अ’ आणि हा ग्रीक ‘अ’ एकाच कुळातले. पण तो जरा सुटा उच्चारला गेला आणि लिहिणाऱ्याने ‘ए’ वेगळा ठेवून ‘फेब्राइल’ पुढे लिहिले की, त्याच रुग्णाला कागदावर सणसणून ताप चढतो.

शब्दकोश पाहावा म्हणाल, तर कोशात शब्द सापडण्यासाठी त्याचे पहिले अक्षर ठाऊक हवे. ‘टोसिस’ म्हणजे पापणी खाली ओघळणे. टी या अक्षराखाली तो कितीही शोधा. तो बसला आहे पी खाली, कारण ग्रीकांकडून आलेला पुढचा पी इंग्रजीत मुका झाला आहे. सोरायसिस आणि न्यूमोनिया हेही त्याच आळीतले रहिवासी. ‘झायफॉइड’ एक्समध्ये. ‘ईडिमा’ म्हणजे सूज. ती आपल्याकडे ब्रिटिश वळणाने ओ खाली, तर अमेरिकन कोशात ई खाली. आमच्या टेबलावर डॉरलंडचा जाडजूड कोश असे आणि औषधांच्या नावांसाठी सिम्सची पुस्तिका. दोन्हींच्या कडा काळ्या पडल्या होत्या. हळूहळू प्रत्ययांची गुरुकिल्ली हाती आली. ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘ऑटमी’ म्हणजे छेद, ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणे, ‘ऑस्टमी’ म्हणजे तोंड करून ठेवणे. मोठ्या आतड्याची ‘कोलेक्टमी’ झाली की ‘कोलॉस्टमी’, यावर रुग्णाचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून असते. पोटावर पिशवी लावून जगावयाचे की नाही, हा प्रश्न त्या दोन-तीन अक्षरांत असतो.

व्यक्तींच्या नावांवरून पडलेले शब्द हा निराळाच प्रांत. आपल्याकडे रुग्णासमोर क्षयाचे नाव काढावयाचे नाही अशी जुनी रीत. म्हणून डॉक्टर ‘कॉक्स’ म्हणतात. म्हणजे रॉबर्ट कोख यांचा आजार. कारण १८८२ साली क्षयाचा जंतू दाखविला तो त्यांनी. आमच्या विभागात नव्याने आलेल्या एका मुलाने हे नाव इंग्रज आडनावाप्रमाणे लिहिले. अहवाल वाचून रुग्णाचे वडील ‘हे कॉक्ससाहेब कोणत्या वॉर्डात बसतात?’ असे विचारीत आले. मणक्याच्या क्षयाला ‘पॉट्स स्पाइन’ म्हणतात, तो पर्सिव्हल पॉट या १८ व्या शतकातील इंग्रज शल्यविशारदाच्या नावाने. त्याचीही मडकी झालेली आम्ही पाहिली आहेत.

त्यात दिल्लीचे रुग्णालय म्हणजे अखिल भारताचे संमेलन. बंगाली डॉक्टरांच्या तोंडी ‘व’चा ‘भ’ होई, तर कोणा दाक्षिणात्य डॉक्टरांच्या बोलण्यात ‘प’ आणि ‘ब’ परस्परांत मिसळत आणि आमची फिकी-ठसठशीत रेघ संभ्रमात पडे. आपण मराठी माणसांनी मात्र हसू नये. लेखणीही ‘पेन’ आणि वेदनाही ‘पेन’ असे आपण बोलतो. उजव्या हातात ‘पेन’ असल्याची तक्रार आमच्याच एका मराठी डॉक्टरांनी सांगितली होती, आणि ती लिहून घेणाऱ्या पंजाबी सहकाऱ्याने ‘मग ते खिशात ठेवावयास सांगा’ असे उत्तर दिले होते.

इतका वेळ सांगितले ते सर्व संदर्भाच्या आधारे सोडविता येते. ‘टर्मिनल इलियम’ म्हटले की आतडे, इलियमचा अस्थिभंग म्हटले की हाड. अडचण येते ती जेथे दोन्ही शब्द चपखल बसतात तेथे. अर्धांगाचा झटका आलेल्या रुग्णाला ‘डिस्फेजिया’ म्हणजे गिळण्याचा त्रास होऊ शकतो आणि ‘डिस्फेसिया’ म्हणजे वाचादोषही होऊ शकतो. दोन्ही त्याच झटक्याचे परिणाम. एकाला तोंडाने अन्न देणे धोक्याचे, दुसऱ्याला तसे नाही. तेथे संदर्भ मुका होतो. आकड्यांचेही तेच. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत शेवटचा नकार पंख्याच्या आवाजात विरून जातो, आणि दोन्ही मात्रा कोणत्या ना कोणत्या औषधाच्या शोभण्याजोग्या असतात. आपल्या घरी ‘सात’ आणि ‘साठ’ यांचा घोळ होतोच की!

अशा जागी लिहिणाऱ्याने काय करावे? आमच्या विभागाचे वृद्ध मुख्य लघुलेखक उत्तर प्रदेशातले होते. त्यांनी आम्हांस पहिल्या महिन्यातच एक नियम घालून दिला. ऐकू आले नाही तेथे जागा सोडावयाची, भोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढावयाचे आणि कागद साहेबांकडे परत न्यावयाचा. शोभेल तो शब्द घालावयाचा नाही. ‘कोऱ्या जागेवर डोळा अडखळतो, चुकीचा शब्द नीट टंकलेला असला की त्याच्यावरून डोळा घसरून जातो,’ असे ते म्हणत. वैद्यकातले त्यांचे ज्ञान आमच्याहून फारसे अधिक नव्हते, पण हे त्यांना पुरते कळले होते.

नियम सोपा वाटतो, पण सरकारी कचेरीत तो पाळणे सोपे नाही. खालच्या माणसाने वरच्याला ‘आपण काय म्हणालात?’ असे विचारणे हा आपल्याकडे उद्धटपणा समजला जातो. लाल वर्तुळे पाहून कागद भिरकावून देणारे एक विभागप्रमुखही आम्हांस लाभले होते. ‘इतकी वर्षे येथे आहात, एवढेही समजत नाही?’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. परिणाम असा झाला की, त्यांच्या विभागातून येणारे अहवाल हळूहळू अगदी स्वच्छ, वर्तुळहीन येऊ लागले. ते वाचताना आम्हांस धडकी भरे.

एका दुसऱ्या कार्यालयातून वैद्यकीय मंडळाकडे एका वाहनचालकाचे मुदतपूर्व निवृत्तीचे प्रकरण आले होते. अपघातानंतर त्याचे पाऊल वर उचलले जात नव्हते. ‘पेरोनियल’ मज्जातंतू दुखावला की असे होते. कागदावर मात्र ‘पेरिनियल’ टंकलेले. निदान आणि लक्षण यांचा मेळ बसेना म्हणून प्रकरण परत गेले, मूळ डॉक्टरांची बदली झालेली, आणि एका स्वराच्या दुरुस्तीला सात महिने लागले. तेवढे दिवस त्या माणसाला ना धड पगार, ना निवृत्तिवेतन.

याहून भयंकर प्रसंग अमेरिकेतला आहे आणि त्याचा धागा आपल्या देशाशी जुळतो. गेल्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकन डॉक्टरांनी ध्वनिमुद्रित केलेले मजकूर भारतात टंकून परत पाठविण्याचा व्यवसाय वाढीस लागला. २००८ साली अलाबामा राज्यातील एका मधुमेही महिलेच्या कागदावर इन्शुलिनची मात्रा ८ युनिटांऐवजी ८० युनिटे अशी उमटली. मजकूर भारतात टंकला गेला होता. इन्शुलिन त्या कागदाप्रमाणे दिले गेले आणि ती महिला दगावली. २०१२ मध्ये ज्यूरीने १४ कोटी डॉलर भरपाईचा निवाडा दिला. मराठीत आठ आणि ऐंशी कानाला पुष्कळ दूर आहेत. इंग्रजीत ‘एट’ आणि ‘एटी’ एका भिंतीआड राहतात. ‘ध’चा ‘मा’ केल्याची नारायणराव पेशव्यांच्या खुनाची आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. त्या आख्यायिकेत निदान कोणाचा तरी हेतू होता. येथे कोणाचाच नव्हता.

औषधांच्या नावांचा घोळ तर कंपन्यांनाही मान्य करावा लागला. आम्लपित्तावरील ‘लोसेक’ हे नाव ‘लॅसिक्स’ या लघवी वाढविणाऱ्या औषधाशी मिळतेजुळते ठरल्यामुळे अमेरिकेत १९९० साली ते बदलून ‘प्रिलोसेक’ करावे लागले. आपल्याकडे २०१६ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांत दुरुस्ती होऊन औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत असे ठरले. लिहिण्याचे झाले, बोलण्याचे काय?

आता लघुलेखकाचे दिवस सरले. डॉक्टर संगणकाशी बोलतात आणि अक्षरे पडद्यावर आपोआप उमटतात. यंत्राचा वेग आणि शब्दसंग्रह यांपुढे आमच्यासारख्याने हात जोडावे. इलियमचे स्पेलिंग तेही बहुधा संदर्भावरूनच ठरवीत असणार. पण २०२४ साली अमेरिकेतील संशोधकांनी अशा एका प्रसिद्ध प्रणालीची तपासणी केली, तेव्हा सुमारे एक टक्का ध्वनिमुद्रणांत कोणीही न उच्चारलेले शब्द, क्वचित सबंध वाक्येच, घातलेली आढळली. बोलणारा मध्ये बराच वेळ थांबत असला की हे अधिक घडते. म्हणजे वाचादोष असलेला रुग्ण बोलताना अडखळला की ती रिकामी जागा यंत्र आपल्या मनाने भरते. लाल पेन्सिल त्याला अद्याप कोणी दिलेली दिसत नाही.

म्हणून एक विनंती. आपल्या घरचा माणूस रुग्णालयातून सुटेल तेव्हा कागद पिशवीत घालण्यापूर्वी त्यावरील मात्रांचे आकडे, डावे-उजवे आणि ‘नाही’ हा शब्द, एवढे तरी डॉक्टरांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. ‘एक-पाच, पंधरा’ असे म्हणवून घ्यावे. कोणी रागावले तर रागावू द्यावे.

सगळेच रागावतात असेही नाही. आमच्या वेळचे एक विकृतिशास्त्राचे प्राध्यापक, आता निवृत्त आहेत, टंकलेला अहवाल हाती येताच प्रथम ‘आज वर्तुळे किती?’ असे विचारीत. चार-पाच असली तर बसून एकेक शब्द अक्षरे सुटी करून सांगत. एकही नसले तर चष्मा पुसून सबंध अहवाल पहिल्या ओळीपासून वाचावयास घेत, आणि तोवर आम्हांस उठू देत नसत.