कराटेचा पिक्चर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुम्हाला एका सिनेमाच्या शोधाची हकिगत सांगणार आहे. सिनेमाचं नाव मला ठाऊक नव्हतं, नटाचं नव्हतं, तो कोणत्या देशाचा तेही नव्हतं. आमच्याकडे त्याला नाव एकच होतं : कराटेचा पिक्चर.

साल १९८२ असावं. आमचं गाव औंढा नागनाथजवळचं. आज हा भाग हिंगोली जिल्ह्यात आहे, तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. महाशिवरात्रीच्या यात्रेत तंबूचा सिनेमा आला होता. मी नऊ वर्षांचा, थोरला भाऊ तेरा वर्षांचा. त्याला आम्ही अण्णा म्हणतो. खाली माती, मध्ये दोरी. दोरीच्या एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की अंधारात शिट्ट्या. भाषा इंग्रजी. ती कुणालाच कळत नव्हती आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं.

मला आठवत होतं ते एवढंच : डोकं तासलेला एक तरुण, दोन्ही हात आडवे ताणून पाण्याच्या बादल्या घेऊन पायऱ्या चढतो. दंडाला सुऱ्या बांधलेल्या. हात खाली आला की सुरी बरगडीत. आणि दुसरं, एका अंधाऱ्या बोळात लाकडाची माणसं हलतात आणि त्याला बडवतात.

यात्रेहून आलो आणि दुसऱ्या दिवसापासून अण्णाने खेळ सुरू केला. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी लांबून आणावं लागे. अण्णाने बगलेखाली बाभळीच्या काट्या बांधल्या आणि दोन बादल्या घेऊन निघाला. अर्धं पाणी वाटेत सांडलं. आई ओरडली, ‘पाणी आणायलात का तमाशा करायलात?’ पण आठ दिवसांत तो थेंब न सांडता येऊ लागला. मला मात्र शेवटपर्यंत जमलं नाही.

गेल्या पावसाळ्यात अण्णाला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजतं सगळं, पण शब्द येत नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, हात रोज उचलायला लावा, जुन्या आवडीच्या गोष्टी बोला. पण अण्णा भिंतीकडे तोंड करून पडायचा. हात उचल म्हटलं की डोळे मिटायचा. मग मला तो सिनेमा आठवला. मनात आलं, हा आपण याला दाखवू.

आता शोधायचा कसा? ज्याला विचारावं तो म्हणे, ब्रूस ली असेल. पण ब्रूस ली १९७३ सालीच वारला आणि तासलेल्या डोक्याचा ब्रूस ली कुणी पाहिलाय? वसमतला एक जुने ऑपरेटर भेटले, त्यांनी गावोगावच्या यात्रांत मशीन चालवलेलं. ते हसले. ‘चिनी पिक्चरचं नाव कोण बघायलंय? डबा यायचा, डब्यावर कराटे लिहिलेलं असायचं. चालला तर ठेवायचा, नाही तर परत.’ खरं म्हणजे ते कराटेही नव्हतं. कराटे जपानचं, हे चीनचं कुंग फू. असो.

धागा सापडला तो घरातच. मुलं टीव्हीवर अक्षयकुमारचा ‘चाँदनी चौक टू चायना’ बघत होती. २००९ सालचा हा सिनेमा. त्यातला होजो नावाचा खलनायक धारदार टोपी फेकून मारतो. मी पाणी प्यायला उठलो आणि थांबलो. ते कपाळ, ते डोळे! वय वाढलेलं, पण माणूस तोच.

त्याचं नाव गॉर्डन लिऊ. नाव हाती लागल्यावर बाकीचं सोपं झालं. सिनेमा होता ‘द थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’, हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सचा, १९७८ सालचा. दिग्दर्शक लाऊ कार-लिउंग. या लाऊंच्या वडिलांच्या गुरूचे गुरू म्हणजे चीनचे प्रसिद्ध मल्ल वाँग फेई-हुंग, त्यामुळे पडद्यावरची विद्या उसनी नव्हती. शॉ ब्रदर्सचे सातशेहून अधिक चित्रपट २००० साली सेलेस्टियल नावाच्या कंपनीने घेतले आणि प्रती दुरुस्त करून पुन्हा बाहेर काढले, म्हणून तर तो मला मिळाला. शोधता शोधता हेही वाचलं, की २०११ साली गॉर्डन लिऊलाही पक्षाघाताचा झटका आला होता. हे मी अण्णाला सांगितलं नाही.

एका दुपारी पलंगासमोर लॅपटॉप ठेवला. जुलमी सत्तेमुळे आप्त गमावलेला सान ते नावाचा तरुण शाओलिन मठात येतो आणि पस्तीस दालनांतून एकेक विद्या शिकतो. पहिल्याच दालनात पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवर पाय देऊन जेवायला जायचं. बुडाला तो उपाशी. पुढे डोक्याने वाळूच्या पिशव्यांना धडका, मान न हलवता डोळ्यांनी दिव्याचा पाठलाग. मारामारी बराच वेळ नाहीच, नुसती मेहनत. बादल्यांचा प्रसंग आला तेव्हा अण्णाने भिंतीकडची मान वळवली. चेहरा हलला. डाव्या हाताने त्याने माझं मनगट धरलं ते प्रसंग संपेपर्यंत सोडलं नाही.

मी वाट पाहत होतो लाकडी माणसांची. सिनेमा संपला, ती आलीच नाहीत. मी म्हणालो, ‘अण्णा, प्रत कापलेली दिसतीय.’ अण्णाने मान हलवली आणि दोन बोटं वर केली. मला कळेना. त्याने पुन्हा दोन बोटं दाखवली, चिडून. मग उमजलं : दुसरा! लाकडी माणसं दुसऱ्या पिक्चरमध्ये होती, पुढच्या वर्षीच्या यात्रेत. लहानपणी आम्ही यावरून भांडलो होतो. तो म्हणायचा दोन, मी म्हणायचो एक. चाळीस वर्षं मी चुकीचं होतो.

तोही सापडला. ‘शाओलिन वुडन मेन’, १९७६ सालचा, कोवळ्या जॅकी चॅनचा. पण त्याची गोष्ट वाचली आणि मी अडखळलो. नायक मुका असतो. लहानपणी बापाचा खून पाहिल्यापासून तो बोलत नाही. हे अण्णाला कसं दाखवायचं? दोन दिवस टाळलं. वहिनी म्हणाली, ‘भाऊजी, त्यांना ठाऊक नाही व्हय? त्यांनीच तर मागितलाय.’

दाखवला. मुका पोरगा साखळ्यांच्या खडखडाटात लाकडी माणसांचा मार खात होता आणि अण्णा आवाज न करता हसत होता, खांदे हलेपर्यंत.

आता सकाळी व्यायामाच्या वेळी तो खुणेने रिकामा डबा मागतो. उजवा हात अजून खांद्यापर्यंत येत नाही, कोपराच्या थोडा वर येतो. परवा मी विचारलं, ‘अण्णा, बाभळीची काटी आणू का?’ त्याने डाव्या हाताने डबा माझ्यावर उगारला.