इंग्रजी शिकावी ती कशासाठीं?



या ज्युबिलीच्या दिवसांत पुष्कळ आईबापांनीं आम्हांस एकच प्रश्न केला: मुलांस इंग्रजी शाळेंत घालावें कीं मराठी? याचें उत्तर देण्यापूर्वीं इंग्रजी कशासाठीं शिकावयाची, हें ठरविलें पाहिजे.

संविधानाच्या ३४८ व्या कलमान्वयें उच्च न्यायालयाचें कामकाज मुख्यत्वें इंग्रजींत चालतें. अकोल्याकडील एखाद्या शेतकऱ्याचा दावा नागपूर खंडपीठापुढें गेला, म्हणजे आपल्याच शेताचा निकाल त्यास दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. ज्या घरीं इंग्रजी कागद वाचणारें लेंकरूं आहे, त्या घरास फसविणें सोपें नाहीं. हा इंग्रजीचा पहिला उपयोग होय.

दुसरा उपयोग डॉ. पंजाबराव देशमुखांच्या चरित्रांत दिसतो. अमरावती जिल्ह्यांतील पापळ गांवीं १८९८ सालीं शेतकरी कुटुंबांत जन्मलेले पंजाबराव विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले. वेदवाङ्मयांतील धर्मविचारावर त्यांनीं इंग्रजींत प्रबंध लिहिला. परत आल्यावर १९३२ सालीं त्यांनीं अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापून शेतकऱ्यांच्या मुलांस विद्येचें दार उघडून दिलें. परदेशांत मिळविलेली विद्या अशी वऱ्हाडाच्या कामीं आली.

मग मराठीचें काय? फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. १५७९ सालीं ते गोव्यास आले, येथील भाषा शिकले, आणि १६१६ सालीं त्यांचें ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालें. एका इंग्रजानें जी मराठी एवढ्या आवडीनें आत्मसात केली, ती घरांत बोलावयास आपल्या मुलांनीं लाजावें, हें आम्हांस शोभत नाहीं.

महाराष्ट्रांत २००० सालापासून मराठी शाळांतहि पहिलीपासून इंग्रजी शिकवितात. तेव्हां इंग्रजीकरितां मराठी शाळा सोडलीच पाहिजे, असें नाहीं. शाळा कोणतीहि असो, मूल नुसती घोकंपट्टी करीत असेल, तर फीचा पैसा पाण्यांत गेला म्हणून समजावें.

ज्या आईबापांस स्वतःला इंग्रजी येत नाहीं, त्यांनींहि हताश होऊं नये. रोज सायंकाळीं मुलास जवळ बसवून, आज वाचलेल्या इंग्रजी धड्याचा अर्थ आपल्या मराठींत सांगावयास लावावें. त्यास तो सांगतां आला, तर तें खरोखर शिकलें. न आला, तर दुसऱ्या दिवशीं शाळेंत जाऊन गुरुजींस नम्रपणें विचारावें. एवढें प्रत्येक घरीं झालें, तर आपलीं लेंकरें दोन्ही भाषांत ताठ मानेनें उभीं राहतील.