टीव्हीसमोरचा फोन आणि घरातली मराठी

(वार्षिक व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेले भाषण)



व्याख्यानाचा विषय म्हणून मी 'टीव्ही पाहताना हातात असलेला फोन' असे कळवले, तेव्हा चिटणीसांनी मोठ्या अदबीने विचारले, "वाङ्मयाच्या व्याख्यानमालेत हे कसं काय बसायचं?" मी म्हणालो, बसते की नाही ते तुम्हीच शेवटी ठरवा. हा विषय यंत्रांचा आहे असे मला वाटत नाही. तो आपल्या घरातल्या बोलण्याचा आहे, आणि महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांची मराठी घरातल्या बोलण्यावरच टिकली आहे.

थोडे मागे जाऊ. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांच्या तोंडी चिमणराव-गुंड्याभाऊ असायचे. आपण इंदूरकर ते नुसते ऐकून होतो. सुटीत मामाकडे गेलो तर एखादा भाग पाहायला मिळे आणि परत आल्यावर तो आळीतल्या मुलांना करून दाखवायचा, एवढाच आपला वाटा. आपल्याकडे टीव्ही आला तो दिल्लीचा, हिंदीतला. १९८४ साली 'हम लोग' आले, १९८७ साली 'रामायण' आले. रविवारी सकाळी ज्याच्या घरी संच त्याच्या घरी चपलांचा ढीग. ते दिवस चांगलेच होते, पण त्या पडद्यावर आपली भाषा नव्हती. मराठी आपल्याला मिळे ती गणेशोत्सवातल्या व्याख्यानांतून, कीर्तनांतून, बाहेरून आलेल्या नाटकांतून आणि आजीच्या तोंडून.

मग १९९९ साली अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि २००० साली ई टीव्ही मराठी. केबलवाल्याच्या मागे लागून आमच्या रामबागेतल्या चार-सहा घरांनी त्या वाहिन्या लावून घेतल्या. 'आभाळमाया' पाहताना माझी आई पहिल्यांदा म्हणाली, "अगं बाई, ही तर आपल्यासारखं बोलते!" खरे तर ती आपल्यासारखे बोलत नव्हती. आपल्या इंदुरी मराठीत हिंदीची फोडणी असते आणि पडद्यावरची बाई मुंबईचे बोलत होती. पण आईला त्या दिवशी आपली भाषा घराबाहेरही चालते, जिवंत आहे, एवढे समजले. तेवढे पुरेसे होते.

त्या काळात मालिका पाहण्याची एक रीत होती. मालिका सुरू असताना बोलायचे नाही आणि जाहिराती लागल्या की बोलल्याशिवाय राहायचे नाही. जाहिरात म्हणजे सभाच. "ती सासू खोटं बोलते आहे, बघ तू." "नाही हो, तिचा नाइलाज आहे." कोणी चहा टाकायला उठे, पण स्वयंपाकघरातूनही वाद चालू ठेवी. माझा मुलगा तेव्हा शाळेत होता. एकदा त्याने विचारले, "आजी, तिन्हीसांज म्हणजे काय?" आई त्याला सज्जात घेऊन गेली, मावळतीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे बघ, दिवस गेला नाही आणि रात्र आली नाही, ती ही वेळ." तिन्हीसांजेला दिवा का लावतात, दारात का उभे राहू नये, हेही पाठोपाठ आलेच. दोघे आत आले तेव्हा मालिका बरीच पुढे गेली होती. दोघांनाही त्याचे काही वाटले नाही.

तो शब्द मुलाला कोणी शिकवला? वाहिनीने? नाही. वाहिनीने फक्त शब्द घरात आणून टाकला. शिकवला तो आजीने.

आता आजचे चित्र पाहा. संच मोठा झाला आहे, चित्र लख्ख आहे, वाहिन्या भरपूर आहेत. आम्ही पाच माणसे एकाच सोफ्यावर असतो आणि पाचांच्या हातांत पाच पडदे. जाहिरात लागते तशा माना खाली जातात. वाईट हे आहे की जाहिरात संपल्यावर त्या वर येत नाहीत. पूर्वी ज्या तीन मिनिटांत आम्ही भांडायचो, ती तीन मिनिटे फोनने घेतली आणि पुढची तीसही घेतली.

यावर कोणी म्हणेल, टीव्ही नुसता हात बांधून कोण पाहत होते? आमच्या घरी बायका तांदूळ निवडत पाहायच्या, मटार सोलत, स्वेटर विणत पाहायच्या. रेडिओ तर नेहमी काम करता करताच ऐकला. अर्धे लक्ष काही आजचे नाही. ही शंका रास्त आहे आणि मी तिच्यावर बराच विचार केला.

फरक असा की तांदूळ निवडताना हात आणि डोळे गुंतलेले असतात, भाषा मोकळी असते. फोनवर आपण वाचतो, उत्तर लिहितो, दुसऱ्या कोणाचे बोलणे ऐकतो. म्हणजे शब्दांसाठी मनात जी एकच वाट आहे तिच्यावर दोन गाड्या आणतो. त्यातली एक थांबतेच.

कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या दोन्ही कानांना हेडफोन लावले. एका कानात एक भाषण, दुसऱ्या कानात वेगळे. एका कानातले भाषण ऐकत ऐकत मोठ्याने म्हणून दाखवायचे, एवढेच काम. नंतर विचारले, दुसऱ्या कानात काय चालले होते? कोणीतरी माणूस बोलत होता, आवाज पुरुषाचा होता की बाईचा, एवढे लोकांनी सांगितले. मजकूर सांगता आला नाही. आणि पुढचे ऐका. दुसऱ्या कानातले इंग्रजी मध्येच बंद करून जर्मन सुरू केले, तरी ऐकणाऱ्यांच्या ते लक्षात आले नाही.

हे वाचून मी दचकलो. आपण समाधान मानतो की पोरे फोनवर असली तरी घरात मराठी वाहिनी चालू आहे, कानावर मराठी पडते आहे. चेरीचा प्रयोग सांगतो की मन दुसरीकडे असेल तर कानावर पडलेली भाषा मराठी आहे की दुसरी कुठली, हेही कदाचित कळणार नाही. चालू असलेला टीव्ही आणि ऐकलेली मराठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता करमणुकीचे काय होते ते पाहू, कारण लिहिणाऱ्यालाही शेवटी समोरच्याची मान दिसते. प्रेक्षक खाली पाहतो आहे हे कळले की लेखक कानासाठी लिहू लागतो. पात्र दार उघडते आणि म्हणते, "मी दार उघडते आहे." कालची गोष्ट आज तिसऱ्यांदा सांगितली जाते. एका चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा आदळतो आणि ढोल वाजतो, म्हणजे मान वर करा, काहीतरी झाले! २०२४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या एका वाङ्मयीन नियतकालिकात हीच तक्रार आली होती: पात्रांनी आपण काय करतो आहोत ते बोलून दाखवावे, म्हणजे मागे नुसते लावून ठेवणाऱ्यांनाही कळेल, अशा सूचना तिथल्या पटकथाकारांना मिळतात. म्हणजे हे दुखणे सातासमुद्रापारही तेच आहे.

यात बळी जातो तो न बोललेल्या गोष्टींचा. चांगल्या नाटकातला एक थांबा, उत्तर न देता पदर सारखा करणारी बाई, वडिलांनी वाचून घडी करून ठेवलेले पत्र. या गोष्टी कानाला कळत नाहीत, त्या पाहाव्या लागतात. विनोदाचेही तसेच. विनोद तयारीवर उभा असतो. तयारी चुकली की शेवटच्या वाक्याला हसू येत नाही. मग आपणच म्हणतो, "हल्लीच्या मालिकांत काही दम नाही." दम नाही हे खरे, पण तो जाण्यात आपलाही थोडा हातभार आहे.

मोजणाऱ्या यंत्रालाही हे दिसत नाही. आपल्या देशात २०१५ पासून 'बार्क' ही संस्था निवडक घरांत मीटर बसवून प्रेक्षकसंख्या काढते. कार्यक्रमाच्या आवाजात लपवलेली खूण मीटर ओळखते आणि खोलीत कोण आहे ते घरच्या माणसाने बटण दाबून सांगायचे. माणूस खोलीत आहे हे त्याला कळते, त्याची नजर कुठे आहे हे कळत नाही. पाच माना खाली असलेले घर त्या हिशेबात पाच प्रेक्षकांचेच घर.

आणखी एक प्रयोग सांगतो आणि आकडे-प्रयोग संपवतो. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसे बसून खेळली, वाचली. काहींना तेच पडद्यावर दाखवले. माणसांबरोबर खेळलेल्या बाळांना चिनी ध्वनींतला भेद कळू लागला. पडद्यासमोरच्या बाळांना कळला नाही. आमच्या आईने सज्जात जे केले, त्याचा अर्थ मला हे वाचून उमगला. भाषा माणसाकडून माणसाकडे जाते. टीव्ही हे फार तर निमित्त.

आता माझी स्वतःची गोष्ट. मागच्या फेब्रुवारीत, मराठी भाषा गौरव दिनाच्या संध्याकाळी, मी नेहमीच्या खुर्चीत होतो. संचावर कोकणातल्या घराचे काही दृश्य चालले होते म्हणे. म्हणे अशासाठी की मी पाहत नव्हतो. मला एक संदेश आला होता: मराठी आता अभिजात भाषा झाली, मुलांशी मराठीत बोला, भाषा वाचवा. संदेश चांगला होता. तो मी एकेका गटाला पाठवत होतो. रात्री जेवणे झाल्यावर सूनबाई म्हणाली, "बाबा, चिनू तुम्हाला काहीतरी विचारत होती. तुम्ही दोनदा नुसतं हं म्हणालात."

काय विचारत होती? "आबा, माजघर म्हणजे काय?"

आमच्या जुन्या वाड्याला माजघर होते. मी त्यात वाढलो. आताच्या फ्लॅटमध्ये ते नाही, आणि माझ्याखेरीज घरात ते सांगणारे कोणी नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला मुद्दाम बोलावून सगळे सांगितले, कागदावर वाड्याचा नकाशाही काढला. तिने शहाण्यासारखे ऐकले आणि म्हणाली, "अच्छा. जाऊ आता?" चूक तिची नव्हती. प्रश्न कालचा होता, उत्तर आज आले होते.

म्हणून मी पोरांना दोष द्यायला इथे उभा नाही. आमच्या घरात आधी मान खाली गेली ती माझी. आणि फोनलाही मी शत्रू म्हणत नाही. याच फोनवर मी जुनी कीर्तने ऐकतो, पुण्याच्या बहिणीशी मालिकेवरून भांडतो. आळीत मराठी बोलणारे कमी झाले तेव्हा फोननेच आपल्याला माणसे दिली. माझी तक्रार एवढीच की शेजारी बसलेल्या माणसाची वेळ त्याने घेऊ नये.

उपाय छोटेच सुचवतो, कारण मोठे आपण पाळत नाही. घरी आठवड्यातून एक कार्यक्रम ठरवावा, आणि तो मुलांना निवडू द्यावा. तो हिंदी असला, क्रिकेटचा सामना असला तरी चालेल. त्या वेळेपुरते सगळे फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. आधी मोठ्यांचे. जाहिरात लागली की आवाज बंद करायचा आणि बोलायचे, मराठीत. आम्ही घरी हे सुरू केले आहे. पहिल्या दोन रविवारी सगळे अवघडून बसलो होतो, बोलायला सुचेना. तिसऱ्या रविवारी चिनू आणि तिचा बाप पंचाच्या निर्णयावरून असे भांडले की खेळ पुन्हा सुरू झालेला कोणाला कळलाच नाही. मला आईची आठवण झाली.

सभेलाही एक विनंती. आपल्याकडे सभागृह आहे, पडदा आहे. महिन्यातून एका संध्याकाळी एखाद्या मराठी नाटकाचे चित्रीकरण सर्वांनी मिळून पाहावे आणि नंतर अर्धा तास त्यावर बोलावे. आजी-आजोबांनी नातवंडांना बरोबर आणावे. अडलेला शब्द तिथल्या तिथे विचारता यावा, एवढीच अट.

श्रोतेहो, गेल्या पाऊण तासात समोर दोन-तीन माना खाली गेलेल्या मी पाहिल्या. रागावलो नाही, त्यांत एक आमच्या घरची आहे. घरी जाताना एवढेच करा: आज रात्री शेजारी बसलेले कोणी काही विचारले, तर 'हं' म्हणण्याआधी मान वर करा.

चिटणीस महाशय, विषय बसला की नाही ते आता आपण सांगा.