दिवसाचे पाणी, सूर्याची वीज



ऐन थंडीच्या रात्री, विंचूसापाची तमा न बाळगता, हाती विजेरी घेऊन पिकास पाणी देणारा शेतकरी हे महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनातील परिचित चित्र आहे. शेतीपंपांना वीजपुरवठा दिवसा व रात्री आलटून पालटून होत आल्याने त्याला ही जागरणे करावी लागली. हे चित्र पालटण्याचे सामर्थ्य सौरविजेत आहे.

प्रकाशापासून विद्युत्प्रवाह निर्माण होतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेल यांनी १८३९ साली दाखवून दिले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झालेला सिलिकॉनचा सौरघट सुमारे ६ टक्के प्रकाशाचेच विजेत रूपांतर करीत असे. आज बाजारात मिळणारी सौरतावदाने २० टक्क्यांहून अधिक प्रकाश उपयोगात आणतात. भारताची सौरवीजक्षमता २०२५ च्या प्रारंभी १ लाख मेगावॅटच्या पुढे गेली.

तथापि, सूर्य मावळला की ही वीज थांबते. सायंकाळची गरज भागविण्यासाठी ती साठवावी लागते. त्याकरिता बॅटऱ्या आहेत. तसेच पाणी वर चढवून गरजेच्या वेळी त्यावर वीज निर्माण करणारे, घाटघरसारखे उदंचन प्रकल्पही आहेत. हे दोन्ही मार्ग खर्चाचे आहेत. शेतीपंपाचे मात्र तसे नाही. सूर्य तळपत असतानाच तो चालविता येतो. म्हणूनच सौरविजेच्या पुढील वाढीत शेतीला मोठे स्थान आहे.

हे ओळखून राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. उपकेंद्राजवळ लहान प्रकल्प उभारून त्याच परिसरातील पंपांना दिवसा वीज द्यावयाची, हे तिचे सूत्र आहे. वीज दूरवर वाहून नेताना होणारी गळतीही त्यामुळे कमी होते.

येथे ग्रामपंचायतीची जबाबदारी सुरू होते. एका मेगावॅटला सुमारे ४ ते ५ एकर जमीन लागते. ती गायरानातील असेल, तर गुरांच्या चराईचा व गावच्या वहिवाटीचा विचार आधी झाला पाहिजे. ग्रामसभेत सर्व माहिती मांडून, पशुपालक व भूमिहीन यांचे म्हणणे ऐकूनच निर्णय घेणे हितावह ठरेल. तसेच दिवसा वीज मिळू लागली म्हणून भूजलाचा उपसा बेसुमार वाढता कामा नये. ठिबक सिंचनाची जोड हवीच. शिक्षकांनी हा विषय शाळेतून घराघरांत पोहोचवावा.

सूर्य सर्वांवर सारखाच प्रकाशतो. त्याच्या विजेचा लाभही सर्वांपर्यंत सारखाच पोहोचविणे, हे गावाच्या हाती आहे.